भाऊसाहेबांचं उन्हाळी आवर्तन

फ्रान्सला जायचं म्हटलं की लोक व्हिसापासून सुरुवात करतात. भाऊसाहेबांनी 'पाणी कुठून येतं?' इथून केली.

झालं असं, की त्यांची मुलगी नोकरीनिमित्त तुलूझला असते. एका रविवारी फोनवर ती सहज म्हणाली, इथून समुद्राच्या बाजूला एक जुना कालवा जातो, कॅनाल द्यू मिदी. त्यावर बोट भाड्यानं मिळते. आठवडाभर आपणच चालवायची, आपणच रांधायचं, रात्री काठाला लावून झोपायचं. तुम्ही दोघं या, खालच्या सरांना आणि काकूंनाही आणा. दुसऱ्या घरात यावर भाड्याची चौकशी झाली असती. भाऊसाहेबांनी विचारलं, "धरण कुठलं? साठा किती?" पलीकडे पोरगी गप्प झाली. सगळी हयात पाटबंधारे खात्यात गेलेल्या बापाला कालव्याचं आमंत्रण देताना जरा विचार करायला हवा होता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं असावं.

भाऊसाहेब आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात. नाशिकला बदलून आले आणि इथूनच निवृत्त झाले. सोसायटीचं रंगकाम असो, कुणाच्या मुलीचं लग्न असो, नाहीतर वणीला देवीच्या दर्शनाला जायचं असो, आखणी त्यांची. असा एक मनुष्य प्रत्येक गोतावळ्यात असतो. तो सहलीला जात नाही. सहल कार्यान्वित करतो. लोक त्याला मागून हसतात आणि अनोळखी स्टेशनवर उतरलं की गपगुमान त्याच्याच मागे उभे राहतात. मीही हसणाऱ्यांतला आणि मागे उभं राहणाऱ्यांतला.

त्यांनी फाईल उघडली. हा अलंकार नव्हे. पुठ्ठ्याची फाईल, भोकातून ओवलेला टॅग, डाव्या बाजूला पत्रव्यवहार, उजव्या बाजूला टिपणी. पहिलं पान म्हणजे तुलूझपासून समुद्रालगतच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंतच्या २४० किलोमीटरचा एल-सेक्शन, म्हणजे चढ-उतार दाखवणारा उभा छेद. दिवाणखान्यातलं टीपॉय भिंतीला सारून त्यांनी ग्राफपेपर जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार स्टीलच्या वाट्या ठेवल्या आणि पट्टीनं एका उंचवट्यावर टकटक केलं.

"सर, हा नोरूझचा खिंडवजा भाग. आर.एल., म्हणजे उंची, साधारण एकशे नव्वद मीटर. इथून पाणी एकीकडे अटलांटिकला जातं, दुसरीकडे भूमध्य समुद्राला. खोदणं कुणालाही जमतं हो. या टोकावर पाणी आणायचं कसं, हा खरा प्रश्न."

तो प्रश्न ज्यानं सोडवला तो पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा मनुष्य होता. इंजिनियर नव्हता, ही गोष्ट भाऊसाहेबांना आठवडाभर सलली. "मिठाच्या खात्यातला!" असं ते दोनतीनदा स्वतःशीच म्हणाले. पण रिकेनं काळ्या डोंगरातले ओढे अडवून, सँ-फेरेओलला धरण बांधून, लांबलचक पाट काढून ते पाणी बरोबर त्या खिंडीत आणून सोडलं, हे वाचल्यावर त्यांनी त्याला मनोमन खात्यात सामावून घेतलं. चौदाव्या लुईनं १६६६ साली फर्मान काढलं, काम १६८१ च्या मे महिन्यात वाहतुकीला खुलं झालं, आणि रिके त्याआधीच, १६८० च्या ऑक्टोबरात गेला. पदरचा पैसा घालून, कर्जात. भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "अंतिम बिल निघायच्या आत गेला बिचारा." खात्यात याहून मोठी शोकांतिका नसते.

दुसरी एक माहिती त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केली होती. रिके मजुरांना महिन्यानं पगार द्यायचा. पावसानं काम बंद पडलं, सण आला, माणूस आजारी पडला, तरी कापायचा नाही. बारा हजारांपर्यंत माणसं, त्यांत बायकाही. भाऊसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "ऑडिटनं पॅरा काढला असता."

एव्हाना माझी बायको खालून दोनदा जेवायला हाक मारून गेली होती आणि आम्ही अजून १६८० सालात होतो. बोट कधी घ्यायची, किती दिवस, कुठून कुठे, यातलं काहीच ठरलं नव्हतं. आखणी करणाऱ्याची मौज इथंच असते. आपल्याला वाटतं हा वेळ घालवतोय. तो मात्र एव्हाना तिथं पोहोचलेला असतो, धरणाच्या भिंतीवर हात मागे बांधून उभा.

सबंध कालवा करायचा, ही त्यांची पहिली योजना. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर. २४० भागिले आठ, तीस तास. त्यात साठेक ठिकाणी लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट चढवायचे-उतरवायचे हौद. काही ठिकाणी दोन-तीन हौद एकाला एक लागून. प्रत्येकाला वेळ. भाड्याच्या बोटीला रात्री चालायला बंदी. बेरीज करून त्यांनी तक्ता वहिनींपुढे ठेवला. वहिनी चाळीस वर्षं असे तक्ते बघत आल्या आहेत. त्या फक्त शेवटचा रकाना बघतात.

"रोज आठ-नऊ तास? ही सहल आहे की ड्यूटी?"

सुधारित अंदाजपत्रक आलं. त्रेबहून निघायचं आणि बेझिएच्या अलीकडे फॉन्सेरानच्या पायऱ्यांपर्यंत जायचं. नव्वद किलोमीटरच्या आत. महिना जून, कारण जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, हिवाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद, आणि एक मेला लॉक चालत नाहीत. "महाराष्ट्र दिन पाळतात," असं भाऊसाहेबांनी वहिनींना गंभीरपणे सांगितलं. त्यांचे विनोद इतके क्वचित असतात, की वहिनींना ते खरंच वाटलं.

आखणीत पहिली माशी शिंकली ती दुपारच्या जेवणावर. आमच्या नव्हे, लॉकवाल्यांच्या. साडेबारा ते दीड लॉक बंद. भाऊसाहेब संतापले. "भर हंगामात? तासभर? पाळीपाळीनं जेवायला काय होतं?" सरकारी कचेरीत दुपारी एक ते तीन कुठल्याही टेबलावर माणूस शोधून पाहिलेला मी एक नागरिक, मी शांतपणे चहा पीत राहिलो. शेवटी त्यांनी तक्त्यात 'दु. १२.२५ पूर्वी लॉक पार' अशी ओळ प्रत्येक दिवसापुढे घातली आणि लाल शाईनं चौकट केली.

दुसरा धक्का लायसन्सचा. लागतच नाही! भाड्याची बोट असेल तर कंपनीचा माणूस थोडा वेळ शिकवतो, कागद देतो, किल्ली देतो. भाऊसाहेबांना ही सवलत वाटली नाही, अपमान वाटला. "बारा मीटरची बोट, आणि कुणाच्याही हाती? उद्या मी म्हटलं मला येत नाही, तर?" मुलगी म्हणाली, "बाबा, तसं तुम्ही आत्ताच म्हणालात तरी देतील." यावर फाईलमध्ये नोंद झाली : 'सुरक्षिततेची जबाबदारी आपली आपण.'

व्हिसाच्या अर्जानं मात्र भाऊसाहेबांना खरा वाव दिला. प्रत्येक रात्रीचा मुक्कामाचा पत्ता लिहा, असं त्यात होतं. आता बोटीला पत्ता कुठला? मी म्हटलं, बोटीची पावती जोडा आणि मोकळे व्हा. त्यांनी पावती जोडलीच, शिवाय एल-सेक्शनची घडी घातलेली प्रत जोडली आणि पत्त्याच्या तक्त्यात कालव्याचे किलोमीटर मोजून लिहिलं, 'चेनेज १४५ (ओम्प्स)', 'चेनेज १६६ (ल सोमाय), डावा तीर'. खिडकीमागच्या मुलीनं तो नकाशा उलगडला, पुन्हा घडी घातली, आमच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तिचेही वडील बहुधा खात्यातले असावेत.

मग निघाला कार्यालयीन आदेश. त्यात सुकाणू भाऊसाहेबांकडे. मुलगी दुभाषी. माझी बायको स्वयंपाक आणि भांडार : भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि छोटा कुकर. (कासुले हा तिकडचा प्रसिद्ध पदार्थ पांढऱ्या घेवड्याचा असतो म्हणून ती खुश होती. त्यात बदक आणि सॉसेजही असतं, हे मुलीनं वेळेत कळवलं.) मी पुढचा दोर. वहिनी मागचा दोर.

"दोर म्हणजे काय करायचं?" मी विचारलं. चूक विचारलं, कारण पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्हाला पार्किंगमध्ये हजर राहावं लागलं.

फरशीवर खडूनं लॉक काढला होता. चौकोनी नव्हे, मधे फुगीर. रिकेच्या सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबानं ढासळल्या, म्हणून त्यानं कमानीसारखी गोलाई दिली, हे आम्हाला उभ्या उभ्या सांगण्यात आलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या म्हणजे बोटीचं नाक आणि शेपूट. पार्किंगचे खांब म्हणजे काठावरचे खुंट. वॉचमनला स्टुलावर बसवून लॉकचा अधिकारी केलं होतं. त्याच्या हातात लिफ्टची जुनी घंटा.

"सर, दोर बांधायचा नाही. खांबाला एक वेढा आणि टोक हातात. आपण उताराला चाललोय. पाणी जसं खाली जाईल तसतसा दोर सोडत राहायचं. गाठ मारलीत, की पाणी खाली आणि बोट भिंतीला टांगलेली."

मी टाकलेला दोर पहिल्यांदा माझ्याच पायात पडला, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशात अडकला. वहिनींनी पदर खोचला, दोराची दोन वेटोळी हातात घेतली आणि एका फेकीत वेढा खांबावर. चाळीतल्या घरात छताजवळच्या दांडीवर काठीनं नऊवारी वाळत घालण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. त्यांना दोरीनं कधी दगा दिला नाही. "पुढचा दोर वहिनींना द्या," मी सुचवलं. "आदेश निघालाय," भाऊसाहेब म्हणाले.

वॉचमननं घंटा वाजवली. पाणी सुटलं, म्हणजे भाऊसाहेब 'एक मीटर... दीड मीटर...' असं मोठ्यानं म्हणू लागले, आणि तेवढ्यात दूधवाला मोटरसायकलवरून फाटकातून थेट लॉकमध्ये शिरला. "अहो थांबा, लॉक रिकामा झाला नाहीये!" भाऊसाहेब ओरडले. दूधवाल्यानं एका खुर्चीला वळसा घातला, वॉचमननं नेहमीप्रमाणे हात वर करून त्याला आत सोडलं. रिहर्सलमधली ही एकच गोष्ट पुढे फ्रान्समध्ये जशीच्या तशी घडली. फक्त दूधवाल्याच्या जागी एक डच जोडपं होतं.

अशा माणसाच्या सहलीचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तक्ता पहिल्याच दिवशी कोलमडतो, माणूस आधी चिडतो, मग हसतो, मग फाईल पाण्यात टाकून निवांत होतो. मीही त्या क्षणाची वाट बघत होतो, खोटं कशाला बोला. तो आलाच नाही. तक्ता टिकला.

त्रेबला बोट ताब्यात घेतल्यावर पहिला तासभर ती नागमोडी चालली, कारण चाक फिरवल्यावर तिला ते कळायला वेळ लागतो आणि तोवर माणूस आणखी फिरवून बसतो. पण भाऊसाहेबांना उशिरा परिणाम दिसणाऱ्या यंत्रणेची सवय होती. धरणातून आज सोडलेलं पाणी टेलच्या शेतकऱ्याला परवा मिळतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. जेवणाच्या आत बोट सुतासारखी सरळ चालू लागली. काठाच्या चिनार जातीच्या झाडांचा विषय मात्र त्यांनी काढायचा तो काढलाच. बेचाळीस हजारांच्या आसपास झाडं होती. २००६ पासून इथं बुरशीचा रोग दिसला, दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो युरोपात आला असं मानतात, आणि मैलच्या मैल झाडं तोडावी लागली. त्यामुळे झाडाला बोट बांधायची नाही. बोटीवर लोखंडी मेखा आणि हातोडा देतात. मेखा ठोकायचं काम आदेशात कुणाकडेच नव्हतं, ते अर्थातच माझ्याकडे आलं.

खरी हकिकत घडली ती दुसऱ्या दिवशी. आम्ही १२.२० ला एका लॉकवर पोहोचलो. तक्त्यानुसार पाच मिनिटं हातात. पण पुढे तीन बोटी, आणि लॉक सांभाळणाऱ्या पन्नाशीच्या बाईंनी घड्याळ बघून फाटक लावलं. आता भडका, असं मला वाटलं. भाऊसाहेब फाईल घेऊन काठावर उतरले. पहिल्यांदा त्यांनी रांग लावली. एका हौदात तीन-चार बोटी मावतात, पण कशाही घुसल्या तर नाहीत. मोठी आधी, लहान मागे, असं खाणाखुणांनी त्यांनी दोन जर्मन कुटुंबांना पटवलं. डच जोडप्यानं ऐकलं नाही, त्याचं वर आलंच. मग ते फाटकापाशी उकिडवे बसले आणि फळ्यांच्या सांध्यातून उडणाऱ्या पाण्याकडे बघत बोटांवर काही मोजू लागले.

बाई पाव तोंडात धरून बाहेर आल्या. मुलगी घाईघाईनं पुढे झाली. भाऊसाहेब म्हणाले, "विचार त्यांना, रबरी सील कधी बदललं? सेकंदाला दहा-बारा लिटर गळती आहे." मुलीनं हे बरंच गोड करून सांगितलं असावं, कारण बाई हसल्या. हे गृहस्थ कालव्याचे अधिकारी होते असं कळल्यावर त्यांनी पाव संपवला, हात पुसले आणि त्यांना चक्क बटणांच्या खोक्यापाशी नेलं. तुमच्याकडे किती लॉक? एकही नाही. मग बोटी कशा जातात? बोटी नाहीत. मग माणसं? माणसांना मनाई, पाटी असते. बाई चक्रावल्या. मग कालवा कशासाठी? भाऊसाहेबांनी आजूबाजूच्या द्राक्षमळ्यांकडे हात केला. "याच्यासाठी. आमच्याकडे कालवा द्राक्षाच्या मुळाशी जातो. तुमच्याकडे नुसता बाजूनं जातो." यावर दोघंही थोडा वेळ मळे बघत उभे राहिले. सगळी नोकरी पाणी वाटण्यात गेलेला हा मनुष्य पाण्यावर बसून कधी कुठे गेला नव्हता, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दीड वाजता घंटा झाली. वहिनींनी बाईंकडून मध आणि टोमॅटो विकत घेतले होते. तक्त्यात पासष्ट मिनिटांची तूट पडली होती. भाऊसाहेबांनी ती 'अभ्यासभेट' या शीर्षाखाली नियमित करून घेतली. असं शीर्ष तक्त्यात आधीपासून होतं! रोज सव्वा तास, कुणालाही न सांगता राखून ठेवलेला. अशा माणसांच्या आखणीला आपण हसतो ते वरवरचे रकाने बघून. तळाशी कुठेतरी त्यांनी गळती धरलेली असते.

आर्जांसच्या पुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. रिकेनं एकच पातळी धरून कालवा डोंगराच्या कडेकडेनं वळवत नेला. मी दोर गुंडाळून आडवा झालो. इथंच कुठेतरी १७८७ च्या मे महिन्यात, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला थॉमस जेफर्सन गेला होता. बग्गीची चाकं काढून ती बोटीवर ठेवली आणि आत बसून प्रवास केला. "भत्ता बग्गीचा घेतला असणार," भाऊसाहेब म्हणाले. कापेस्तांगच्या पुलाची कमान फार ठेंगणी. तिथं बोटीवरची छत्री मिटायची, माना खाली घालायच्या. भाऊसाहेब मोजायला म्हणून उभे राहणार, हे फक्त वहिनींना माहीत होतं; त्यांनी आधीच त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता.

माल्पासच्या बोगद्यापाशी ते पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, "थांबू या." १६७९ चा हा बोगदा, टेकडी ठिसूळ निघाली म्हणून वरून काम थांबवायचा हुकूम होता, आणि रिकेनं तरीही गुपचूप भोक पाडून टाकलं असं सांगतात. वर चढून गेलो. पलीकडे माँतादीचं तळं, म्हणजे तेराव्या शतकात आटवलेलं तळं; मधोमध बिंदू आणि तिथून निघालेल्या चऱ्यांमुळे सूर्यकिरणांसारखी पाचर-पाचर शेतं. त्याचं पाणी याच टेकडीखालून काढलेल्या बोगद्यानं जातं. कालव्याचा बोगदा त्याच्यावर. आणि रेल्वेनंही आपला बोगदा याच टेकडीतून नेलाय.

भाऊसाहेबांनी टोपी काढली. "सर, तीन खात्यांची कामं. एका टेकडीतून. आणि कुणी कुणाची पाइपलाइन फोडलेली नाही."

फॉन्सेरानला एकाला एक लागून हौद आणि साडेएकवीस मीटरचा उतार. उतरणाऱ्यांची वेळ वेगळी, चढणाऱ्यांची वेगळी; दोन्ही फाईलमध्ये होत्या. काठावर बघ्यांची ही गर्दी. वहिनींचा दोर पहिल्या फेकीत पडला तसा टाळ्यांचा आवाज झाला. माझा दुसऱ्या फेकीत पडला, कुणी टाळी वाजवली नाही. चौथ्या हौदात पाणी खळखळून उतरत असताना, दोर सोडता सोडता मी वर पाहिलं तर सुकाणूवर मुलगी होती आणि भाऊसाहेब मांडीवर कोरा ग्राफपेपर घेऊन बसले होते.

"बर्गंडीत एक कालवा आहे," ते ओरडून म्हणाले. "२४२ किलोमीटर. १८९ लॉक! दोराची सवय मोडू देऊ नका."

"मग या खेपेला मला बढती हवी," मी ओरडलो. "मागचा दोर द्या."

"सेवाज्येष्ठता वहिनींची आहे," असं उत्तर आलं, आणि तेवढ्यात माझ्या दोराची गाठ बसली.